विज्ञानकथेत लेझर साईट लिहिताय? आधी ठरवा की तो लाल ठिपका कुणाकुणाला दिसतोय

दरवर्षी मे-जूनमध्ये माझ्याकडे आठ-दहा जणांच्या विज्ञानकथांचे कच्चे खर्डे येतात, दिवाळी अंकाला पाठवायच्या आधी कुणीतरी नजरेखालून घालावेत म्हणून, आणि त्यातल्या दोन-तीन कथांमध्ये तरी बंदुकीवर लेझर साईट, म्हणजे नेम धरायला मदत करणारं लेझरचं उपकरण, असतेच असते. अंधारी जागा, नायकाच्या छातीवर लाल ठिपका, नायक जागीच थिजतो. हा सीन मला स्वतःला फार आवडतो, म्हणूनच तो कच्चा राहिला की वाईट वाटतं. बहुतेक वेळा काय होतं, लेखक ठिपका तर आणतो पण तो कोण टाकतंय, कुठून टाकतंय, कुणाकुणाला दिसतोय आणि गोळी खरंच तिथेच लागणार आहे का याचा विचारच झालेला नसतो, मग तीन पानांनी कथा आपल्याच नियमांत अडकते आणि वाचक सुटतो.

म्हणून हे सगळं एकदा पायरी पायरीने लिहून काढतोय. बंदूक कशी चालवायची याच्याशी या लेखाचा संबंध नाही. कथेत, आणि शेवटी थोडं शॉर्टफिल्ममध्ये, ही साईट खरी कशी वाटेल एवढंच बघायचंय.

लिहायच्या आधी: घरात एक संध्याकाळ काढा

स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो साधा लाल लेझर पॉइंटर घ्या, ज्यावर १ मिलिवॅटपेक्षा कमी असं लिहिलंय तोच घ्या. कुणाच्या डोळ्यात मारायचा नाही, आरशावर आणि चकचकीत स्टीलवर मारायचा नाही, खिडकीबाहेर तर अजिबात नाही, आणि घरातल्या पोरांच्या हाती द्यायचा नाही. हे पाळूनच पुढचं करा.

दिवे बंद करा आणि समोरच्या भिंतीवर मारा. पहिली गोष्ट लगेच लक्षात येईल, भिंतीवर ठिपका आहे पण मधे किरण नाहीये. तुमचा हात इथे, ठिपका तिथे, मधली हवा काळीकुट्ट. आता देवघरातला धूप पेटवा आणि धूर त्या वाटेत येऊ द्या, जिथे जिथे धूर आहे तिथे तिथे लाल रेघ उमटते, धूर सरकला की रेघ तुटते. लेझरचा प्रकाश सरळ पुढे जातो, आपल्या डोळ्याकडे वळायला त्याला मधे कशावर तरी आपटावं लागतं, धूळ, धूर, धुकं, काहीही. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन थेंब टाका आणि बाजूने पॉइंटर मारा (ग्लासाच्या मागे कुणी बसलेलं नको), पाण्यात अख्खी रेघ अशी लख्ख उभी राहते की बघत बसावं.

मग भिंतीवरचा ठिपका जवळून बघा. तो गुळगुळीत नसतो. त्यात रव्यासारखे दाणे दिसतात, आणि तुम्ही मान हलवली की ते दाणे सरकतात. भिंत खडबडीत असते आणि लेझरचा प्रकाश एका तालात चाललेला असतो, म्हणून तिथून परतणाऱ्या लाटा कुठे एकमेकींत भर घालतात, कुठे एकमेकींना पुसतात, त्याचे हे दाणे. ज्यांना लांबचं दिसत नाही त्यांनी चष्मा काढून बघा, मान उजवीकडे नेली की दाणे डावीकडे पळतात. टॉर्चच्या उजेडात असं होत नाही. तुमच्या कथेत एखादा चष्मा हरवलेला माणूस असेल तर त्याला समोरचं काही धड दिसत नसतानाही हा ठिपका लेझरचाच आहे हे ओळखता येईल. असा तपशील ऐकीव माहितीवर लिहिता येत नाही, त्याला ती भिंत बघावीच लागते.

आणखी दोन गोष्टी. कुंडीतल्या हिरव्या पानावर ठिपका मारा आणि मग लाल कापडावर. पानावर तो मरगळतो कारण हरितद्रव्य लाल प्रकाश गिळतं, लाल कापडावर मात्र निखाऱ्यासारखा पेटतो. आणि शेवटी, पॉइंटर एखाद्या फूटपट्टीला रबरबँडने बांधा, फूटपट्टी पिस्तुलासारखी धरा आणि लांब पॅसेजच्या टोकाला ठिपका स्थिर ठेवून दाखवा. नाही राहणार. हातात वीतभर लांबीची वस्तू असेल आणि तिचं पुढचं टोक १ मिलिमीटर हललं तर १० मीटरवर ठिपका साधारण ५ सेंटिमीटर हलतो, १०० मीटरवर अर्धा मीटर. म्हणजे "ठिपका त्याच्या कपाळाच्या बरोब्बर मधोमध स्थिरावला" हे वाक्य माणसाच्या हातातल्या बंदुकीबद्दल लिहिणार असाल तर जपून लिहा. यंत्रमानवाच्या हातात असेल तर बिनधास्त लिहा, उलट तो ठिपका हलतच नाही यावरूनच वाचकाला कळू द्या की पलीकडे माणूस नाहीये.

पायरी १: नक्की कुठली साईट

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लाल ठिपका म्हटलं की दोन अगदी वेगळी उपकरणं डोळ्यापुढे येतात.

एक म्हणजे खरी लेझर साईट. ती बंदुकीच्या नळीखाली किंवा बाजूला बसते आणि समोरच्या वस्तूवर प्रत्यक्ष प्रकाशाचा ठिपका टाकते, तिथे उभा असलेला कुणीही तो बघू शकतो. दुसरी म्हणजे रेड डॉट किंवा रिफ्लेक्स साईट, यात बंदुकीवर एक छोटी काच असते, आतला दिवा त्या काचेवर ठिपका दाखवतो आणि तो फक्त नेम धरणाऱ्याला दिसतो, समोरच्याच्या अंगावर काहीही पडत नाही. ही कल्पना लेझरच्या कितीतरी आधीची आहे, डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं होतं, आणि स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये बॅटरीवर चालणारी रेड डॉट साईट बाजारात आणली. तेव्हा तुमच्या कथेत शिकारी लपून बसलाय, सावजाला काहीही कळू द्यायचं नाहीये, आणि तरी तुम्ही त्याला लेझर साईट दिलीये, तर ते हात दाखवून अवलक्षण झालं. त्याला रिफ्लेक्स साईट द्या नाहीतर साधी दुर्बीण द्या.

तिसरा प्रकार इन्फ्रारेड लेझर. साध्या डोळ्याला दिसत नाही, नाईट व्हिजन लावलेल्याला मात्र ठिपका दिसतो, आणि हवेत धूळ असेल तर अख्खी रेघही दिसते. सैन्यात रात्रीच्या कामाला असले लेझर कित्येक वर्षं वापरात आहेत. कथेसाठी मला हा प्रकार सगळ्यात श्रीमंत वाटतो, कारण एकाच खोलीत दोन माणसं दोन वेगळी जगं बघत असतात. एकाला नुसता अंधार दिसतो, दुसऱ्याला त्याच अंधारात सहा रेघा एकाच दाराकडे गेलेल्या दिसतात. आणि ज्या दिवशी शत्रूच्या हातीही नाईट व्हिजन लागतं त्या दिवशी त्या सहा रेघा सहा सैनिकांच्या जागा दाखवून देतात.

पायरी २: एक कागद घ्या आणि दिसण्याचा हिशोब मांडा

ही पायरी चुकली तर बाकीच्या बरोबर येऊनही उपयोग नाही. कागदावर सीनमधल्या प्रत्येक पात्राचं नाव लिहा आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्नांची उत्तरं. याला ठिपका दिसतो का? मधली रेघ दिसते का? लेझर जिथून निघतोय ती जागा दिसते का?

छातीवर ठिपका पडलेल्या माणसाला बरेचदा तो दिसतच नाही, कपाळावर पडला असेल तर शक्यच नाही, त्याला तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतो. बाजूला उभ्या असलेल्या मैत्रिणीला ठिपका दिसतो पण कुठून आला ते कळत नाही, कारण स्वच्छ हवेत रेघ नसते. नेम धरणाऱ्याला ठिपका दिसतो, पण लांबवर त्यालाही तो शोधावा लागतो. आणि ठिपका डोळ्यांवरून सरकला तर त्या क्षणी त्या माणसाला लेझरचं तोंडच दिसतं, एकदम झगझगीत. म्हणजे डोळे दिपतात पण दिशा कळते. आपल्या एसटीच्या हेडलाईटमध्ये रात्री रस्त्याकडेच्या मांजराचे डोळे कसे चमकतात ते आठवा, दुर्बिणीचंही तसंच होतं, तिच्या भिंगातून आत गेलेला लेझर आतल्या पृष्ठभागावरून फिरून आला त्याच वाटेने परततो. म्हणून लपलेल्या नेमबाजाची दुर्बीण शोधायलाही लेझर वापरतात. शिकारी आणि सावज यांची अदलाबदल करायची असेल तर हे एक कारण पुरेसं आहे.

आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवायची हीच करामत चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर आहे. नासाचा छोटासा, जेमतेम ५ सेंटिमीटर रुंदीचा, आठ प्रिझमचा परावर्तक त्यावर बसवलेला आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने सुमारे १०० किलोमीटरवरून लेझर मारून त्याचं उत्तर मिळवलं. लँडर कधीच गप्प झालेला होता, तरी त्या परावर्तकाला बॅटरी लागत नसल्यामुळे उत्तर आलंच. तुमच्या कथेत शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेलं यान एखाद्याच्या लेझर साईटला चमकून उत्तर देतंय, हा सीन मला कुणीतरी लिहून आणून द्यावा असं फार वाटतं.

पायरी ३: जागा ठरवा, हवा ठरवा

पृथ्वीवर दुपारचं ऊन असेल तर लाल ठिपका विसरा, दहा-पंधरा मीटरच्या पुढे तो शोधून सापडत नाही. हिरवा लेझर बरा दिसतो, कारण आपला डोळा हिरव्या रंगाला जास्त जागा असतो, त्याच ताकदीचा ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या लाल ठिपक्यापेक्षा आठेक पट ठळक भासतो. धुकं असेल तर रेघ दिसते, पण नेम धरणाऱ्याची पंचाईत होते. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात गाडीचा हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तेच. त्याचाच प्रकाश त्याच्याच डोळ्यांवर परत येतो.

अंतराळात, म्हणजे यानाच्या बाहेर, रेघ कधीच नसते. हे इतक्यांदा सांगूनही दरवर्षी चुकतं. यानाच्या आत हवा असते पण ती गाळून स्वच्छ केलेली असते, तिथेही नुसता ठिपकाच. तुम्हाला रेघ हवीच असेल तर कारण द्या, एखादी वायर जळू द्या, फायर एक्स्टिंग्विशर फुटू द्या, बाहेर असाल तर सूटमधून सुटलेल्या हवेतली वाफ गोठून तिचे बर्फकण होऊ द्या. कारण दिलं की तीच रेघ वाचकाला बक्षिसासारखी वाटते.

मंगळावर हवा आहे पण अगदी विरळ, आपल्या हवेच्या दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी. धूळ मात्र भरपूर. २०१८ साली तिथे असं वादळ आलं की अख्खा ग्रह झाकला गेला आणि सूर्यप्रकाशावर चालणारा ऑपर्च्युनिटी रोव्हर कायमचा गप्प झाला. असल्या धुळीत लेझरची रेघ दिसेल पण लांब जाणार नाही, ठिपका मधेच विरून जाईल.

आणि चंद्र. चंद्रावर हवा नाही म्हणून धूळ तरंगत नाही. बुटाने उडवलेला प्रत्येक कण दगडासारखा वर जातो आणि दगडासारखाच खाली येतो, हवेत रेंगाळणं नाहीच. सेकंदाला दीड मीटर वेगाने उडवलेली धूळ साधारण ७० सेंटिमीटर वर जाऊन दोनेक सेकंदांत परत जमिनीवर. म्हणजे चंद्रावर तुम्हाला रेघ मिळते ती फक्त तेवढ्या दोन सेकंदांपुरती! यावर आपण शेवटी एक परिच्छेद लिहिणार आहोत, लक्षात ठेवा.

लांबीचाही विचार करा. लेझर सुतासारखा सरळ जातो हे खरं, पण तो पसरतोही. साध्या साईटचा झोत १०० मीटरवर बशीएवढा होऊ शकतो आणि किलोमीटरवर मीटरभर रुंदीचा फिका डाग. चंद्रावर पुरुषभर उंचीच्या माणसाला क्षितिजच अडीच किलोमीटरच्या आत दिसतं, तेव्हा तिथल्या सपाटीवर दहा किलोमीटरवरून नेम धरायचा असेल तर आधी त्याला डोंगरावर चढवा.

पायरी ४: ठिपका एकीकडे, गोळी दुसरीकडे

लेझर सरळ रेषेत जातो, गोळी पडत पडत जाते. लेझर नळीच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर बसलेला असतो, त्यामुळे दोघांच्या वाटा एका ठराविक अंतरावर जुळवलेल्या असतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे फरक पडतोच. आता कथेचा फायदा बघा. सेकंदाला ९०० मीटर वेगाची गोळी घ्या आणि हवा क्षणभर बाजूला ठेवा, किलोमीटरभर जायला तिला १.१ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पृथ्वीवर ती ६ मीटर खाली येते, मंगळावर सव्वादोन मीटरच्या आसपास आणि चंद्रावर साधारण १ मीटर. पृथ्वीवर हवेमुळे गोळीचा वेग कमी होतो म्हणून खरं पडणं याहून जास्तच.

म्हणजे पृथ्वीवर शिकलेला नेमबाज चंद्रावर गेला आणि जुन्या सवयीने लांबचा नेम धरला तर त्याची गोळी डोक्यावरून जाईल. ही चूक कथेत सोन्यासारखी आहे. ठिपका बरोबर छातीवर होता, वाचकानेही बघितला, तरी माणूस वाचला, आणि त्यामागे दैव नाही, शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. तसंच चालत्या माणसाचं, त्या १.१ सेकंदात साध्या चालीनेही तो दीड मीटर पुढे गेलेला असतो, ठिपका अंगावर होता म्हणून गोळी अंगावर लागेल असं नाही.

"आमच्या भविष्यातली साईट हा सगळा हिशोब स्वतः करते" असं म्हणणार असाल तर तेही चालेल, पण मग ती अंतर कसं मोजते ते सांगा. लेझरचा एक ठोका पाठवायचा आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, १५० मीटरवर जाऊन यायला १ मायक्रोसेकंद. असा ठोका समोरच्या यंत्रालाही कळतो हे विसरू नका, काही रणगाड्यांवर असे सेन्सर असतात की आपल्यावर लेझर पडला रे पडला की ते धुराचे गोळे सोडतात.

याच्याही पुढची गोष्ट म्हणजे ठिपक्याचा माग काढत जाणारी गोळी. ही निव्वळ कल्पना नाही, अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने २०१२ मध्ये चारेक इंच लांबीच्या, नाकात प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवलेल्या गोळीचा नमुना दाखवला होता. अशा गोळीच्या कथेत ठिपका टाकणारा आणि गोळी झाडणारा ही दोन वेगळी माणसं असू शकतात, दोन वेगळ्या इमारतींत. ठिपका धरून ठेवणाऱ्याचा हात ऐनवेळी भावाच्या छातीवरून हलला तर? बंदूक त्याच्या हातात नाहीच, त्याच्या हातात फक्त उजेड आहे. असल्या जागी कथा आपणहून चालायला लागते.

आणि शस्त्रच लेझर असेल तर पडणं नाही, थांबणं नाही, ठिपका तिथेच घाव. पण तिथेही वेळ लागतो, धातू तापायला काही क्षण तरी ठिपका एका जागी धरून ठेवावा लागतो. डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझर शस्त्राची चाचणी घेतली, ते यंत्र ट्रकवर बसतं. तुमच्या नायकाच्या कमरेच्या पिस्तुलात तेवढी ताकद असेल तर ती वीज येते कुठून आणि उष्णता जाते कुठे याला एक वाक्य तरी खर्च करा.

पायरी ५: काळ आणि बॅटरी

थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर १६ मे १९६० ला पेटवला. पण बंदुकीवर बसेल एवढा छोटा आणि डोळ्याला दिसणारा लाल लेझर डायोड बाजारात यायला ऐंशीचं दशक सरत आलं. मधल्या काळात हेलियम-निऑनच्या काचेच्या नळ्या होत्या, त्यांना हजारो व्होल्ट लागायचे. १९८४ च्या 'द टर्मिनेटर' मध्ये श्वार्झनेगरच्या लांब नळीच्या पिस्तुलावर जी जाडजूड साईट दिसते ती खरीखुरी हेलियम-निऑन लेझर होती, तिची वीज पिस्तुलात मावत नव्हती म्हणून ती जॅकेटमध्ये लपवलेली, वायर बाहीतून आलेली, आणि बटण दुसऱ्या हाताने दाबायचं. पडद्यावर ते भविष्यातून आलेलं यंत्र थंडपणे नेम धरतंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात नट दोन हातांची कसरत करतोय, मला हे कळल्यावर त्या सीनबद्दलचं प्रेम वाढलंच. १९८७ च्या 'प्रेडेटर' ने एका ठिपक्याऐवजी तीन ठिपक्यांचा त्रिकोण केला, तेवढ्या एका बदलाने पलीकडे माणूस नाही हे कळतं. दोन्हीकडून शिकायचं ते हेच की साईटचा आकार पात्राबद्दल बोलतो.

तुमची कथा १९७० च्या पर्यायी इतिहासात असेल तर साईटला वायर द्या, गरम होणारी पेटी द्या. २०७० मध्ये असेल तरी बॅटरी संपू द्या. थंडीतही गोष्टी बिघडतात. इन्फ्रारेड प्रकाशाची स्फटिकातून तरंगलांबी निम्मी करून, म्हणजे १०६४ वरून ५३२ नॅनोमीटरवर आणून जे हिरवे लेझर बनतात, ते कडाक्याच्या थंडीत मंद होतात. लडाखमध्ये किंवा गुरूच्या चंद्रावर घडणाऱ्या कथेत हिरवा ठिपका ऐनवेळी विझला तर ते वाचकाला पटेल.

कायदाही घ्या. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय करारात बंदी आहे. तुमचा खलनायक हा करार मोडणारा आहे की त्यातली पळवाट शोधणारा, यावरून तो किती वाईट आहे ते कळतं.

पायरी ६: वाक्य

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडचं एक विवर, कायम सावलीत, तिथे एक इंजिनिअर रोव्हर दुरुस्त करतेय. खर्ड्यांमध्ये साधारण असं येतं:

"अंधाऱ्या विवरात अचानक सूंऽऽ असा आवाज करत एक लाल किरण आला. वसुधाच्या छातीवर लाल ठिपका चमकू लागला. ती भयंकर घाबरली. किरण येत होता त्या दिशेला तिने पाहिलं."

लेझरला आवाज नसतो, चंद्रावर तर कशालाच नसतो. हवा नाही म्हणून किरण दिसणार नाही. सूट घातलेला असताना स्वतःच्या छातीवरचा ठिपका दिसणं कठीण. आणि घाबरली हे लेखकाने सांगितलंय, तिने केलं काहीच नाही. आता दिसण्याचा हिशोब मांडून:

"वसुधाने पाना उचलला तेव्हा हातमोज्याच्या अंगठ्यावर एक लाल डाग होता. सीलंट असेल म्हणून तिने तो चाकावर पुसला. डाग चाकावर गेला नाही, मनगटावर आला. तिने हात रोखून धरला. हात थांबला, डाग थांबला नाही, इवलासा खालीवर होत राहिला, कुणाच्या तरी श्वासाबरोबर. तिने मान वर केली नाही. डाव्या हाताने मूठभर धूळ घेतली आणि समोर भिरकावली. धुळीत एक लाल रेघ उभी राहिली, टेकाडाच्या दिशेने तिरकी चढत गेलेली, आणि दोन सेकंदांत धुळीबरोबर पुसली गेली. आता तिला टेकाड माहीत होतं. आणि टेकाडावरच्याला हे माहीत होतं की तिला माहीत आहे."

लेझर हा शब्द यात कुठेच आला नाही, गरजच पडली नाही. शेवटची दोन वाक्यं मला पायरी २ च्या कागदावरच मिळाली, एका नावापुढे "रेघ दिसली" आणि दुसऱ्यापुढे "तिने रेघ बघितली हे दिसलं" असं लिहिल्यावर. तुमचा सीन अडला असेल तर त्या कागदाकडे परत जा, बहुतेक उत्तर तिथे एखाद्या रिकाम्या रकान्यात असतं.

पायरी ७: शॉर्टफिल्म करणार असाल तर

खरा लेझर नटाच्या अंगावर मारू नका. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकांमधल्या लेझर झोतांनी डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली पोरं डॉक्टरांकडे गेलीत, पुण्यासारख्या ठिकाणी पोलिसांना बंदी घालावी लागली, हे काही लांबचं राहिलेलं नाही. ऑनलाईन मिळणाऱ्या स्वस्त हिरव्या पॉइंटरवर जेवढे मिलिवॅट लिहिलेले असतात त्यापेक्षा जास्त निघू शकतात, आणि त्यातून न दिसणारं इन्फ्रारेडही बाहेर पडू शकतं. कॅमेऱ्यालाही धोका आहे. आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपने अर्धा सेकंद हिरवा लेझर लेन्सकडे वळू दिला आणि त्या मोबाईलच्या प्रत्येक फोटोत आता एक उभी गुलाबी रेघ येते, कायमची.

ठिपका एडिटिंगमध्ये टाका, मोबाईलवरच्या साध्या ॲपमध्येही ट्रॅकिंग असतं. शूटिंगच्या वेळी नटाच्या शर्टावर ठिपक्याच्या जागी बटणाएवढी टिकली लावा म्हणजे ट्रॅक धरायला सोपं जातं आणि बाकीच्यांच्या नजरा एकाच जागी जातात. नुसता लाल गोळा टाकू नका, मधे जवळजवळ पांढरा आणि कडेला लाल असं ठेवा, कारण कॅमेऱ्याला खरा ठिपका तसाच दिसतो. त्याला थोडी थरथर द्या, कापडाची घडी आली की तो तुटू द्या, आणि पहिल्या शॉटमध्ये तो छातीवर थेट उगवण्याऐवजी मागच्या भिंतीवरून शोधत शोधत येऊ द्या. बाजूच्या पात्राने तो आधी बघायचा, आणि ज्याच्या अंगावर आहे त्याने त्या पात्राच्या डोळ्यांकडे बघून, एक श्वास उशिरा, खाली बघायचं.